घर मिळालं, पण गाव? भूतानी निर्वासितांवरचं संशोधन हिंगोलीत बसून कसं वाचायचं



पेट झाली, गाईड मिळाले, आता संशोधन आराखडा लिहायला बसलात की पहिली अडचण येते ती परदेशी संशोधन वाचताना. विषय 'विस्थापन आणि पुनर्वसन' असेल, तर शोधायला लागल्यावर भूतानी निर्वासितांवरचे लेख लवकरच समोर येतात. माणसं भूतानमधून नेपाळला गेली, नेपाळमधून अमेरिकेला गेली. आणि वाचणारे आपण बसलेलो असतो सेनगावात नाहीतर कळमनुरीत. मग साहजिकच वाटतं, याचा आपल्याशी काय संबंध?

मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या वर्षी मी असे दहा-बारा लेख वाचले, प्रत्येकाचा सारांश लिहिला आणि 'पूर्वसंशोधनाचा आढावा' या प्रकरणात एकाखाली एक रचून ठेवले. गाईडनी पानं चाळली आणि एवढंच विचारलं, "यातली कोणती गोष्ट तुम्हाला तुमच्या जिल्ह्यात जाऊन तपासता येईल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आजचा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. आधी काही शब्द नीट लावून घेऊ, मग भूतानी निर्वासितांना नव्या देशात काय अडचणी आल्या ते पाहू, आणि मग तोच चष्मा घालून आपल्या जिल्ह्यातल्या धरणग्रस्तांकडे बघू. शेवटी, आराखड्यात हे कसं आणायचं तेही सांगते.

आधी शब्द: स्थलांतरित, निर्वासित, विस्थापित

परीक्षेत हे तीन शब्द एका गुणाच्या प्रश्नात येतात. संशोधनात मात्र यांची गल्लत केली तर पुढचं सगळंच चुकतं. कारण कोणाला कोणता हक्क मिळतो, ते या शब्दावर ठरतं.

स्थलांतरित म्हणजे कामासाठी किंवा शिक्षणासाठी गाव सोडणारा. आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी कुटुंबं घ्या. त्यांच्या जाण्यात नाइलाज असतो, कर्ज असतं, उचल असते. पण कारखाना बंद झाला की परत यायला त्यांना गाव असतं.

निर्वासित म्हणजे छळाच्या भीतीने देशाची सीमा ओलांडलेला आणि स्वतःच्या देशाचं संरक्षण गमावलेला माणूस. ही व्याख्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारातून येते. भारताने या करारावर सही केलेली नाही. तरीही तिबेटी, श्रीलंकेतले तमिळ अशा अनेकांना आपल्याकडे आसरा मिळाला. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२पासून आहे. म्हणजे निर्वासित हा विषय महाराष्ट्रालाही परका नाही.

विस्थापित म्हणजे देशाची सीमा न ओलांडता घर सोडावं लागलेला माणूस. संयुक्त राष्ट्रांनी १९९८मध्ये अंतर्गत विस्थापितांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं मांडली, त्यांत युद्ध आणि आपत्तीबरोबर मोठ्या विकास प्रकल्पांचाही उल्लेख आहे. आपले धरणग्रस्त इथे येतात.

एक खूण लक्षात ठेवा. स्थलांतरिताला परतायला गाव असतं. निर्वासिताचं गाव असतं, पण त्याला तिथे जाऊ देत नाहीत. धरणग्रस्ताला कोणी अडवत नाही, पण जायला गावच उरलेलं नसतं.

भूतानमध्ये काय झालं?

दक्षिण भूतानमध्ये नेपाळी बोलणारा एक मोठा समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत होता. त्यांना ल्होत्शाम्पा म्हणतात. बहुतेक जण हिंदू आणि शेतकरी. १९५८च्या कायद्याने त्यांच्यातल्या अनेकांना भूतानचं नागरिकत्व मिळालं होतं. १९८५मध्ये नागरिकत्वाचा नवा, कडक कायदा आला आणि १९८८मध्ये दक्षिण भागात जनगणना झाली. तिच्यात १९५८ साली तुम्ही भूतानमध्ये राहत होता याचा पुरावा मागितला गेला. बऱ्याच जणांकडे पुरावा म्हणून होती ती जुन्या शेतसाऱ्याची पावती. पावती १९५८चीच हवी, आधीची किंवा नंतरची चालणार नाही, असे अनुभव अनेक निर्वासितांनी सांगितले आहेत. त्याच काळात सगळ्यांना एकच पोशाख, एकच शिष्टाचार सक्तीचा झाला आणि शाळेतून नेपाळी भाषा गेली. १९९०मध्ये निदर्शनं झाली, धरपकड झाली, आणि माणसं भारतातून वाट काढत नेपाळमध्ये पोहोचली.

पूर्व नेपाळमधल्या झापा आणि मोरंग या जिल्ह्यांत सात छावण्या उभ्या राहिल्या. वस्ती एक लाखाच्या वर गेली. नेपाळ आणि भूतान यांच्यात चर्चेच्या अनेक फेऱ्या झाल्या, पण परत जाण्याचा रस्ता काही उघडला नाही. छावणीत जन्मलेली मुलं तिथेच कॉलेजात जाण्याएवढी झाली. २००७ नंतर अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्यासह आठ देशांनी त्यांना घ्यायचं ठरवलं. पुढच्या दहा वर्षांत एक लाखाहून जास्त लोक गेले, त्यातले बहुसंख्य अमेरिकेला. याला 'तिसऱ्या देशात पुनर्वसन' म्हणतात.

कागदावर बघितलं तर हे यशस्वी पुनर्वसन आहे. घर मिळालं, काम मिळालं, पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता आला. मग अडचण कुठे आहे?

नव्या देशातल्या अडचणी: चार थर

हे समजायला एक चौकट फार उपयोगी पडते. अलास्टेअर एजर आणि अ‍ॅलिसन स्ट्रँग या दोघांनी ती २००८मध्ये मांडली. नव्या समाजात सामावून जाण्याचे त्यांनी थर पाडले आहेत. मी ते आपल्या भाषेत सांगते.

पहिला थर, पाया. म्हणजे हक्क आणि नागरिकत्व. अमेरिकेत नागरिकत्वासाठी इंग्रजीची आणि नागरिकशास्त्राची परीक्षा द्यावी लागते. जी आजी कधी शाळेत गेली नाही, जिला नेपाळीही लिहिता येत नाही, तिने साठीनंतर इंग्रजी शिकायचं. वृद्ध निर्वासितांना मिळणाऱ्या एका प्रमुख सरकारी मदतीला सात वर्षांची मर्यादा आहे. तेवढ्यात नागरिकत्व मिळालं नाही, तर मदत थांबू शकते. पाया पक्का नसेल तर काय होतं, ते २०२५मध्ये दिसलं. अमेरिकेने काही भूतानी निर्वासितांना परत भूतानला धाडलं. भूतानने त्यांना ठेवून घेतलं नाही. माणसं पुन्हा सीमेवर आली.

दुसरा थर, आधार. म्हणजे भाषा आणि सुरक्षितता. भाषा येत नसली की घरातली उतरंड उलटी होते. दवाखान्यात आईचं दुखणं डॉक्टरला मुलगी सांगते. वीजबिल नातू वाचतो. ज्याला विचारल्याशिवाय घरात काही होत नव्हतं, त्या आजोबाला आता प्रत्येक गोष्ट दुसऱ्याला विचारावी लागते.

तिसरा थर, नाती. एजर आणि स्ट्रँग यांनी याचे तीन भाग केले आहेत. आपल्या माणसांशी असतात ते बंध. शेजारच्या वेगळ्या समाजाशी असतात ते पूल. सरकारी यंत्रणेशी असतात ते दुवे. नव्या देशात नेताना छावणीतले शेजारी वेगवेगळ्या राज्यांत विखुरले गेले. पुढे अनेक कुटुंबं स्वतःच्या खर्चाने ओहायो आणि पेनसिल्व्हेनियात जाऊन एकत्र आली. सरकारने एकदा वसवलं, लोकांनी आपलं आपण दुसऱ्यांदा वसवलं.

चौथा थर, दिसणाऱ्या गोष्टी. काम, घर, शिक्षण, आरोग्य. सुरुवातीची स्वागताची मदत साधारण पहिल्या तीन महिन्यांची असते. तेवढ्यात मिळेल ते काम धरावं लागतं. विमानाच्या तिकिटाचे पैसेही कर्ज म्हणून दिलेले असतात, ते काही महिन्यांनी फेडायला सुरुवात करावी लागते.

आता माझा मुद्दा लक्षात घ्या. सरकारी अहवाल बहुतेक वेळा चौथा थर मोजतात, कारण तो मोजायला सोपा. किती घरं, किती नोकऱ्या, किती दाखले. वरचे तीन थर अहवालाच्या बाहेर राहतात. माणसं मात्र तिथेच खचतात.

याचा सगळ्यात गंभीर पुरावा अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने केलेल्या अभ्यासात मिळतो. २००९ ते २०१२ या काळात तिथे वसलेल्या भूतानी निर्वासितांत १६ आत्महत्यांची नोंद झाली. दर अमेरिकेच्या सर्वसाधारण दरापेक्षा जास्त होता. म्हणून चार राज्यांतल्या ४२३ जणांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. आत्महत्येचा विचार मनात येण्याशी ज्या गोष्टींचा संबंध दिसला, त्यांत चिंता आणि नैराश्याची लक्षणं होती, हे अपेक्षितच. पण त्याबरोबर आणखी दोन गोष्टी होत्या. घरातला कमावता नसणं, आणि आपल्या पाठीशी कोणी नाही असं वाटणं.

छप्पर होतं, दवाखाना होता, रेशन होतं. नव्हतं ते घरातलं स्थान आणि आजूबाजूची माणसं. हे वाचताना मला पहिल्यांदा आपला जिल्हा आठवला.

आता हिंगोलीत या

गोदावरीला मिळणाऱ्या पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही दोन धरणं १९६०च्या दशकात पूर्ण झाली. येलदरीची भिंत परभणीच्या जिंतूर तालुक्यात, सिद्धेश्वर आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात. पुढे पैनगंगेवर ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पातलं इसापूर धरण झालं, यवतमाळ आणि हिंगोलीच्या सीमेवर. आज वसमतची हळद आणि अर्धापूरची केळी बघताना आपण कालव्याचं पाणी बघतो. त्या पाण्याखाली कोणाची तरी गावठाणं आहेत, हे आपल्या लक्षातही येत नाही.

इथे संशोधनाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट आहे. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला तो १९७६मध्ये. त्यानंतर १९८६चा आणि मग १९९९चा कायदा आला. केंद्राचा भूसंपादन आणि पुनर्वसनाचा कायदा २०१३चा. म्हणजे पूर्णेची धरणं झाली तेव्हा राज्यात असा कायदाच नव्हता. जमीन गेली की मावेजा मिळायचा आणि विषय संपायचा. इसापूरचं धरण पूर्ण होईपर्यंत मात्र कायदा आलेला होता. एकाच जिल्ह्यात, शेजारशेजारच्या दोन खोऱ्यांत, दोन वेगवेगळे काळ अभ्यासायला मिळतात. अशी संधी सोडू नका.

आजच्या नियमांत पुनर्वसित गावठाणाला १८ नागरी सुविधा द्याव्या लागतात. पिण्याचं पाणी, शाळा, अंतर्गत रस्ते, वीज, स्मशानभूमी वगैरे. सरकारी नोकरीत प्रकल्पग्रस्तांसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, हे स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना पाठच असेल. पण चौकट आठवा. १८ सुविधा हा चौथा थर झाला. नात्यांचा थर त्या यादीत बसतो कुठे?

मी पहिल्यांदा प्रश्नावली घेऊन गेले, तेव्हा माझा पाचवा प्रश्न होता, 'आपणास मावेजा मिळाला का? होय / नाही.' एका वृद्ध बाईंनी उत्तर दिलं, "मिळाला की. पण पैसा काय एका जागी बसून राहतो का, माय?" मी 'होय'वर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. संध्याकाळी घरी येऊन माहिती भरताना कळलं, की त्यांचं खरं उत्तर मी फेकून दिलं होतं. त्या सांगत होत्या, की जमीन पिढ्यान्‌पिढ्या पुरते आणि पैसा पुरत नाही. माझ्या रकान्यात त्याला जागाच नव्हती.

आठ धोके, आपल्या शब्दांत

धरणग्रस्तांसाठी दुसरी एक चौकट आहे. मायकल सेर्निया हे जागतिक बँकेत काम केलेले समाजशास्त्रज्ञ. जगभरातले प्रकल्प पाहून १९९०च्या दशकात त्यांनी सांगितलं, की विस्थापनात माणूस गरीब होण्याचे आठ धोके असतात. नेट-सेटला हे आठ विचारतात. नुसते पाठ करू नका, प्रत्येकापुढे गावात विचारता येईल असा एक प्रश्न लिहा. माझी वही अशी आहे:

१. जमीन जाणं. आधी किती होती, आज सातबाऱ्यावर किती आहे? बदली जमीन कसदार आहे की मुरमाड?

२. काम जाणं. ज्याची जमीनच नव्हती, त्या सालगड्याला, बलुतेदाराला काय मिळालं?

३. घर जाणं. नव्या घरात गुरं कुठे बांधता? धान्य कुठे ठेवता?

४. पत कमी होणं. जुन्या गावात तुम्हाला कोणत्या नावाने ओळखायचे? इथे काय म्हणतात?

५. अन्नाची शाश्वती जाणं. घरची ज्वारी किती महिने पुरायची, आता किती विकत घेता?

६. आजारपण आणि मृत्यू वाढणं. पहिल्या दोन-तीन वर्षांत घरात कोण कोण गेलं?

७. सामायिक साधनं जाणं. गायरान, सरपण, नदीकाठ, मासे, गाळपेर. यांचा मावेजा कोणालाच मिळत नाही, कारण ती कोणा एकाच्या नावावर नसतात.

८. समाजाची वीण उसवणं. जुन्या गावातली घरं आज किती ठिकाणी विखुरली आहेत?

चौथा मुद्दा जरा थांबून बघा. पुनर्वसित गावात कोणाला विचारा, कुठे राहता? पुष्कळदा उत्तर येतं, "पुनर्वसनात." गावाला स्वतःचं नाव असतं, तरी आसपासची माणसं त्याला पुनर्वसनच म्हणतात. चाळीस-पन्नास वर्षं झाली तरी नवे ते नवेच. अमेरिकेतल्या त्या आजोबांचं घरातलं स्थान गेलं होतं. इथे अख्ख्या गावाचं नाव गेलं.

यादीत नसलेली माणसं

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे मला कोणत्याही लेखात सापडलं नाही, घरी सापडलं.

माझ्या आजीचं माहेर पूर्णेच्या काठी होतं. लग्न होऊन ती सासरी आली आणि काही वर्षांनी माहेर पाण्याखाली गेलं. बुडीत क्षेत्राची यादी झाली, तेव्हा तिथे राहणाऱ्या, जमीन-घर असणाऱ्या कुटुंबांची नावं नोंदली गेली. तिच्या भावांची नावं त्यात आली. तिचं येण्याचा प्रश्नच नव्हता. ती लग्न होऊन गेलेली, जमीन तिच्या नावावर नव्हती. मावेजा नाही, दाखला नाही, काही नाही. सरकारच्या हिशोबात आजीचं काहीच बुडालं नव्हतं.

पण एक भाऊ नव्या गावठाणात गेला, दुसरा परभणीला हमालीला गेला, तिसरा पुण्याकडे गेला तो पुन्हा फारसा भेटला नाही. पंचमी आली की सगळ्या सुना माहेरी निघायच्या. आजी म्हणायची, "मला न्यायला कोण येणार, आणि नेणार तरी कुठं?" लहानपणी मला ते वाक्य नुसतंच उदास वाटायचं. एजर आणि स्ट्रँग वाचल्यावर कळलं, की आजी तिसऱ्या थराबद्दल बोलत होती. तिचे बंध तुटले होते.

भूतानी कुटुंबांतही दसैं सणाला थोरांच्या हातून कपाळी टिका लावून घ्यायची रीत आहे. थोरला भाऊ एका देशात, आई दुसऱ्या देशात, मुलगी अजून छावणीत, तर टिका कोणी कोणाला लावायचा? पंचमी आणि दसैं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण सणाच्या दिवशी जायला घर नसणं हे दोन्हीकडे सारखंच आहे, आणि दोन्हीकडे ते कोणत्याही तक्त्यात येत नाही.

२०१३च्या कायद्यात विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रियांना स्वतंत्र कुटुंब धरलं आहे, हे मोठं पाऊल आहे. लग्न होऊन बाहेर गेलेल्या लेकीचं माहेर मात्र अजूनही कोणी मोजत नाही. तुमच्या नमुन्यातही ती येणार नाही, कारण तुम्ही नमुना निवडाल तो वसाहतीच्या यादीतून. जे वसाहतीत आलेच नाहीत, मावेजा घेऊन शहरात गेले, मजुरीला लागले, तेही येणार नाहीत. मग वसाहतीत टिकलेल्यांनाच विचारून तुम्ही लिहाल, 'पुनर्वसन समाधानकारक आहे.' विखुरलेली सगळी माणसं निष्कर्षातून गळतील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

आराखड्यात काय करायचं?

एक, यादीपासून सुरुवात करा पण यादीवर थांबू नका. प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी विचारा, "तुमच्या जुन्या शेजारचं घर आज कुठे आहे? लेकी कुठे दिल्या?" एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नमुना वाढवा. पद्धतीच्या प्रकरणात याला साखळी नमुना निवड म्हणून लिहा आणि तिच्या मर्यादाही लिहा.

दोन, कागद कुठे आहेत ते आधी शोधा. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ला. त्याआधीचे कागद शोधायला परभणीला जावं लागेल. १९५६पर्यंत हा सगळा भाग हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे जुन्या महसुली कागदांत उर्दू आणि मोडी भेटेल. भूसंपादनाचे निवाडे, १९५४चं खासरा पत्रक, फेरफार, हे सगळं मागायला शिका. १९५१ आणि १९७१च्या जनगणनेतल्या गावांच्या याद्या शेजारी ठेवून बघा. जी गावं गायब झाली किंवा बेचिराख म्हणून नोंदली गेली, ती का झाली ते एकेक करून तपासा.

तीन, काळ नोंदवा. थेयर स्कडर आणि एलिझाबेथ कोल्सन यांनी आफ्रिकेतल्या करिबा धरणामुळे उठलेल्या टोंगा लोकांचा अभ्यास १९५६मध्ये सुरू केला आणि तो कितीतरी दशकं चालवला. त्यांचं म्हणणं असं, की पुनर्वसन यशस्वी झालं की नाही हे दुसरी पिढी सांगते. आपल्याकडे पूर्णेकाठची तिसरी पिढी कॉलेजात आहे. तीन पिढ्यांना एकच प्रश्न विचारा, उत्तरं वेगळी येतील.

चार, तुलना करताना बरोबरी करू नका. धरणग्रस्ताकडे मत होतं, रेशनकार्ड होतं, भाषा तीच होती. भूतानी निर्वासिताकडे यातलं काहीच नव्हतं. दोघांचं दुःख सारखं आहे असं लिहिलंत, तर व्हायवामध्ये पहिल्याच प्रश्नाला अडकाल. कोणता थर कोणाचा तुटला, एवढंच मांडा.

पाच, खोटी आशा लावू नका. वही-पेन घेऊन गेलात की कोणीतरी विचारणारच, "मॅडम, यादीत नाव येईल का?" स्वच्छ सांगा, की मी सरकारची माणूस नाही, माझ्या हातात यादी नाही. ते ऐकून काही जण उठून जातील. जाऊ द्या. आणि जुन्या गावाबद्दल बोलताना कोणाला भरून आलं, तर वही मिटा. बसा, चहा घ्या, पुन्हा या. मनःस्थितीबद्दल विचारणार असाल, तर गरज पडल्यास त्या माणसाला कुठे पाठवायचं हे आधी ठरवूनच विचारा.

आता गाईडच्या प्रश्नाकडे परत येते. कोणती गोष्ट जिल्ह्यात जाऊन तपासता येईल? मी शेवटी आराखड्यात लिहिलं ते असं: 'घर, जमीन आणि सुविधा मिळाल्यावरही ज्यांचे नात्यांचे बंध आणि गावातली पत परत उभी राहिली नाही, त्यांच्या पुनर्वसनाचा अनुभव अपूर्ण राहतो, हा अनुभव स्त्रियांमध्ये आणि वसाहतीबाहेर गेलेल्यांमध्ये अधिक तीव्र असतो.' हे खरं निघेल की नाही, मला अजून माहीत नाही. म्हणूनच ते गृहीतक आहे. गाईडनी त्याखाली सही केली आणि म्हणाले, "आता जा गावात."

त्या गृहीतकाचा उत्तरार्ध आजीचा आहे. ती आता नाही. पण तिच्यासारख्या, माहेर बुडालेल्या बायका आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या आहेत आणि दरवर्षी कमी होत चालल्या आहेत. सरकारी फायली अजून दहा वर्षांनीही मिळतील, या बायका मिळणार नाहीत. तुमच्या तालुक्यात अशी कोणी असेल, तर आराखडा मंजूर व्हायची वाट बघू नका. या पंचमीच्या आधी जाऊन भेटा, आणि त्यांचं जुनं गाव कसं होतं ते विचारा.